हरिकेन, टायफून आणि बंदरावरचा बावटा

शाळेत भूगोलाच्या पेपरात ‘जोड्या लावा’मध्ये हा प्रश्न हमखास असायचा. डाव्या रकान्यात हरिकेन, टायफून, सायक्लोन, विली-विली, बागियो. उजव्या रकान्यात वेस्ट इंडीज, चीनचा समुद्र, हिंदी महासागर, ऑस्ट्रेलिया, फिलिपिन्स. पाच रेघा ओढल्या की पाच गुण पदरात. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत हा तक्ता आजही छापला जातो आणि पोरं तो घोकतात. माझी तक्रार पोरांबद्दल नाही, तक्त्याबद्दल आहे. त्यातल्या दोन जोड्या शिळ्या झाल्यात, एका शब्दाची जन्मकथा अगदी उलटी आहे, आणि खरा फरक जिथे पडतो तिथे हा तक्ता गप्प बसतो.

यंत्र एकच

आधी वादळाकडे बघू, मग नावांकडे. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं लागतं, तेही वरवर नाही, पन्नासेक मीटर खोलपर्यंत. त्याची वाफ वर चढते, ढग होताना आपली उष्णता सोडते, हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते, खाली दाब घटतो आणि चहूबाजूंनी वारा आत धाव घेतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून हा वारा सरळ आत न शिरता वळतो: उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट, दक्षिणेत काट्यांसारखा. विषुववृत्तावर हे वळण मिळत नाही, त्यामुळे त्याच्या अलीकडे-पलीकडे पाचेक अंशांत अशी वादळं जवळजवळ होतच नाहीत. २००१ साली ‘वामेई’ सिंगापूरजवळ अवघ्या दीड अंशावर झालं, पण तो अपवाद म्हणूनच सांगितला जातो.

मधोमध डोळा असतो. तिथे वारा पडतो, कधी कधी निळं आभाळही दिसतं. डोळ्याभोवतीची ढगांची भिंत सगळ्यांत घातकी. डोळा नेमका गावावरून गेला तर अर्धा-पाऊण तास सगळं शांत होतं, माणसं कौलं बघायला बाहेर येतात आणि मग वारा उलट्या दिशेनं येतो. नारळी-पोफळीच्या वाडीत त्याची खूण नंतर सापडते. काही झाडं एका अंगाला पडलेली असतात, आणि पहिल्या वाऱ्यात नुसती कललेली जी तगली होती ती दुसऱ्या वाऱ्यानं भलतीकडे आडवी केलेली असतात.

मायामीसमोर, मनिलासमोर आणि श्रीवर्धनसमोर हे यंत्र सारखंच चालतं. टॉर्नेडोची जात मात्र निराळी. तो बहुधा जमिनीवर उतरतो, त्याचा घेर काहीशे मीटरचा आणि आयुष्य मिनिटांचं. चक्रीवादळाचा घेर शेकडो किलोमीटर असतो आणि ते दिवसचे दिवस जगतं. आपल्या वाहिन्या दोन्हींची चित्रं बेलाशक एकत्र दाखवतात, म्हणून हे सांगून टाकलं.

कलकत्त्यात घडलेला शब्द

जन्मकथा उलटी आहे ती ‘सायक्लोन’ची. तक्ता म्हणतो, हे हिंदी महासागरातलं प्रादेशिक नाव. हा शब्द घडवला हेन्री पिडिंग्टन यांनी, एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यात, आणि तो घडवला सगळ्या समुद्रांसाठी.

पिडिंग्टन मूळचे जहाजावरचे. पुढे ते कलकत्त्यात स्थायिक झाले आणि सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायासनाचे अध्यक्ष झाले. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या त्यांच्या टेबलावर येत. एकाच वादळात एका जहाजाला पूर्वेचा वारा लागलेला, दुसऱ्याला पश्चिमेचा, तिसऱ्यावर शांतता. या नोंदी नकाशावर मांडल्या की वर्तुळ दिसे. वारा गोल फिरतो हे त्यांच्याआधीही काहींनी ओळखलं होतं, पण ओळखलेल्या गोष्टीला नाव नव्हतं. कुणी हरिकेन म्हणे, कुणी गेल, कुणी टायफून. प्रत्येक शब्दाबरोबर जोराची वेगळी कल्पना. पिडिंग्टनना जोराबद्दल काही न सांगणारा, फक्त गोल फिरणं सांगणारा शब्द हवा होता. ग्रीक भाषेत वर्तुळाला आणि सापाच्या वेटोळ्याला जे शब्द आहेत त्यांवरून त्यांनी तो बेतला. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकात तो आला. त्या पुस्तकाबरोबर शिंगाच्या पातळ, पारदर्शक चकत्या मिळत, एक उत्तर गोलार्धाची, एक दक्षिणेची. चकती नकाशावर ठेवायची, वाऱ्याची दिशा जुळवायची आणि डोळा कुठे आहे ते ताडून जहाज त्याच्यापासून दूर काढायचं.

त्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कलकत्त्याला पर्याय म्हणून सुंदरबनात मातला नदीवर बंदर बांधायचं सरकारनं ठरवलं. ‘मातला’चा अर्थ बंगालीत जवळपास मराठीसारखाच: झिंगलेली, माजलेली. १८५३ मध्ये पिडिंग्टननी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना लिहून कळवलं की ही जागा चक्रीवादळाच्या वाटेत आहे, पाणी चढलं तर काही उरणार नाही. बंदर तरीही झालं. नाव दिलं पोर्ट कॅनिंग. १८६७ च्या वादळानं ते मोडलं आणि काही वर्षांत ते सोडून द्यावं लागलं. पिडिंग्टन तोवर वारले होते.

त्यांचा शब्द मात्र विचित्र वाटेनं गेला. अटलांटिकनं हरिकेन सोडलं नाही, चीनच्या समुद्रानं टायफून सोडलं नाही. अमेरिकेच्या मैदानी मुलखात लोक बराच काळ टॉर्नेडोलाच सायक्लोन म्हणत; १९०० सालच्या ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये डोरोथीचं घर उडवून नेतो तो टॉर्नेडो, पण पुस्तकात त्याला सायक्लोनच म्हटलंय. सगळ्यांसाठी घडवलेला शब्द शेवटी हिंदी महासागर आणि दक्षिण पॅसिफिकपुरता उरला. मराठीनं मात्र त्याचा अर्थ नेमका पकडला. ‘चक्रीवादळ’मध्ये चक्र आहे, किती जोराचं हे त्यात कुठेच नाही.

हरिकेन आणि टायफून

हरिकेन कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द. स्पॅनिश खलाशांनी तो ‘उराकान’ म्हणून उचलला आणि युरोपभर नेला. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर एक निराळाच शब्द होता: ‘कोर्दोनासो’, म्हणजे संत फ्रान्सिसच्या कमरेच्या दोरीचा फटका, कारण त्या संताचा सण ४ ऑक्टोबरला येतो आणि वादळंही त्याच सुमारास. आपल्याकडे एके काळी वाऱ्यातही न विझणाऱ्या कंदिलाला ‘हरिकेन’ म्हणत, तेवढीच त्या शब्दाशी आपली घरगुती ओळख.

टायफूनचं कुळ मात्र आपल्या शेजारचं आहे. अरबी-फारसीतलं ‘तूफान’, पोर्तुगीज खलाशांचं ‘तुफांव’, कँटनच्या चिनी बोलीतला ‘मोठा वारा’ या अर्थाचा ‘ताय फुंग’, शिवाय ग्रीक पुराणातला टायफॉन राक्षस. यातलं कोण कुणाचं मूळ यावर पंडितांचं एकमत नाही. बंदराबंदरांतून शब्द एकमेकांवर घासले गेले असावेत हे खरं. मराठीतलं तुफान याच घराण्यातलं, पण आपण त्याची रया घालवली. आता तुफान गर्दी असते, तुफान विनोदी नाटक असतं. किनाऱ्यावरचा म्हातारा ‘तुफान झाला’ म्हणतो तेव्हा मात्र तो नाटकाबद्दल बोलत नसतो.

जपानी लोक आज ‘ताइफू’ म्हणतात, पण जुना शब्द ‘नोवाकी’, म्हणजे माळावरचं गवत दुभंगत जाणारा वारा. बातम्यांत ते वादळाला नावानं क्वचितच ओळखतात. वर्षातलं कितवं, तो क्रमांक सांगतात.

दोन शिळ्या जोड्या

‘विली-विली’ हा ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषेतून आलेला शब्द. वायव्य किनाऱ्यावर एके काळी चक्रीवादळालाही तो लावत, म्हणून जुन्या पुस्तकांत शिरला. आज तिथे विली-विली म्हणजे उघड्या माळावर धूळ-पाचोळा गरगर फिरवत जाणारा खांब. त्याला मराठीत चोख शब्द आहे: वावटळ. १९७४ च्या नाताळात डार्विन शहर भुईसपाट करणाऱ्या ‘ट्रेसी’ला तिथे कुणी विली-विली म्हणणार नाही. तिथलाही अधिकृत शब्द सायक्लोनच.

‘बागियो’ म्हणजे तागालोगमधलं ‘बाग्यो’, साधा अर्थ वादळ. फिलिपिन्समधल्या बागियो शहराशी त्याचा संबंध जोडतात, कारण १९११ च्या जुलैत तिथे चोवीस तासांत हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला होता. पण शहराचं नाव शेवाळाच्या स्थानिक शब्दावरून आलंय. आणि बाग्यो ही टायफूनहून वेगळी जात नाहीच. तेच वादळ मनिलात बाग्यो, हाँगकाँगला पोचलं की टायफून.

रेघ ओलांडली की

वादळाची पदवी त्याच्या पाण्यावरून ठरते. उत्तर अटलांटिक आणि पॅसिफिकचा ईशान्य भाग इथे हरिकेन. उत्तर पॅसिफिकमध्ये १८० रेखांशाच्या पश्चिमेला टायफून. बाकी बहुतेक ठिकाणी सायक्लोन. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या दक्षिणेला जन्मलेलं ‘जॉन’ ती रेघ ओलांडून टायफून झालं, काही दिवसांनी परत फिरून पुन्हा हरिकेन झालं. एकतीस दिवसांत त्याचं स्वतःचं नाव तेच राहिलं. उलट २०२३ चं ‘फ्रेडी’ ऑस्ट्रेलियाजवळून निघून अख्खा हिंदी महासागर कापत मोझांबिकला गेलं, तेही दोनदा, पण सगळ्या वाटेवर सायक्लोनच. ३६ दिवस टिकून त्यानं जॉनचा विक्रम मोडला.

आपल्याकडे २०२१ मध्ये याहून गमतीचा प्रकार झाला. बंगालच्या उपसागरातलं ‘गुलाब’ २६ सप्टेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं, विरत विरत दख्खन ओलांडलं, वाटेत मराठवाड्यात मांजरेला पूर आणला, आणि गुजरातवरून अरबी समुद्रात उतरून पुन्हा उभं राहिलं. मधल्या काळात ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं होतं, म्हणून नियमानं नवं नाव द्यावं लागलं: ‘शाहीन’. गुलाब हे पाकिस्ताननं सुचवलेलं नाव, शाहीन कतारनं. ओमानमध्ये ज्यांची घरं बुडाली त्यांच्या लेखी शाहीन. लातूर-बीडच्या शेतकऱ्याचं सोयाबीन गेलं ते गुलाबात.

ताशी शंभर किलोमीटर

तक्ता गप्प बसतो ती जागा ही. कल्पना करा, एका वादळात वाऱ्याचा सततचा वेग ताशी १०० किलोमीटर आहे.

बंगालच्या उपसागरात भारतीय हवामान विभाग त्याला ‘तीव्र चक्रीवादळ’ म्हणेल. आपल्याकडे ३१ किलोमीटरपासून डिप्रेशन, ६२ पासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र आणि २२२ च्या वर महाचक्रीवादळ. हेच वादळ फ्लोरिडासमोर नेलं तर ते हरिकेन ठरणारच नाही. तिथे ११९ किलोमीटरची अट आहे, त्याखाली नुसतं ‘ट्रॉपिकल स्टॉर्म’. जपानी रेडिओवर ते ताइफू असेल, कारण जपानी भाषेत ती पदवी ६२ च्या सुमारालाच मिळते, पण त्याच हवामान संस्थेच्या इंग्रजी पत्रकात टायफून व्हायला त्याला ११९ गाठावे लागतील. ऑस्ट्रेलियात ते दुसऱ्या श्रेणीचं सायक्लोन. आणि रेयुनियन बेटावरच्या फ्रेंच केंद्राच्या लेखी ते अजून सायक्लोनच झालेलं नसेल, कारण तिथे हा शब्द अटलांटिकमधल्या हरिकेनइतक्या जोराला राखून ठेवलाय. म्हणजे एकाच हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या वर आणि खाली, ‘सायक्लोन’चे दोन अर्थ.

वर मोजायची तऱ्हाही एक नाही. अमेरिकी संस्था एका मिनिटाच्या वाऱ्याची सरासरी घेतात, भारत तीन मिनिटांची, बाकी बरेच देश दहा मिनिटांची. मिनिटं जितकी कमी तितका आकडा चढा. म्हणून ओडिशावर येणाऱ्या वादळाचा परदेशी संकेतस्थळावरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सरकार लपवतंय’ सुरू होतं. लपवत कुणी नसतं. दोघांची मापं वेगळी असतात.

मॉरिशसची तऱ्हा मला जास्त आवडते. तिथे वादळ किती मोठं यापेक्षा त्याचे झोत पोचायला किती वेळ उरला, यावर पहिली ते चौथी अशी इशाऱ्याची श्रेणी ठरते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांची पुढली पिढी तिथे आहे. १९६० च्या ‘कॅरोल’नं बेटावरची लाकूड-पत्र्याची घरं उडवली, तेव्हापासून तिथे काँक्रीटची घरं वाढली.

आपल्या किनाऱ्यावरचे शब्द

भारताचा किनारा धरून चालत गेलं तर दर काही शे किलोमीटरवर शब्द बदलतो. गुजरातीत वावाझोडुं, तमिळमध्ये पुयल, तेलुगूत तुफानु, बंगालीत घूर्णिझड. ओडियात बात्या. २९ ऑक्टोबर १९९९ ला पारादीपवर आलेल्या, सुमारे दहा हजार माणसं नेणाऱ्या वादळाला तेव्हा नाव देण्याची पद्धत नव्हती, ते तिथे अजून ‘महाबात्या’ म्हणूनच ओळखलं जातं. बंगालमधली कालबैसाखी वेगळी. ती वैशाखातली गडगडाटी वावधाण, आपल्या वळवासारखी, चक्रीवादळ नव्हे.

कोकणात ‘चक्रीवादळ’ हा शब्द वर्तमानपत्रातून आला. बंदरावरचा शब्द ‘बावटा’. “तीन नंबरचा बावटा लागला” म्हटलं की होडी बाहेर काढायची नाही, गेलेल्यांना बोलवायचं, ट्रॉलर देवगडसारख्या आडोशाच्या बंदरात शिरायचे. म्हणतात बावटा, पण तो कापडाचा नसतो. दिवसा शंकू आणि नळकांडी टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे. १ आणि २ म्हणजे वादळ लांब खोल समुद्रात. ३ आणि ४ म्हणजे बंदरालाच त्रास होऊ शकतो. ५ ते ७ धोका, ८ ते १० मोठा धोका. आणि त्यात वादळ बंदराच्या कोणत्या बाजूनं जाणार की थेट अंगावर येणार, हेही आकड्यातच. ११ नंबरचा अर्थ मला नेहमी अंगावर काटा आणतो: इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला. आता मोबाइलवर संदेश येतो, उपग्रहाचं चित्र येतं, तरी बातमीत बावटा टिकून आहे.

वादळांचा हंगाम आपल्याकडे दोनदा: आगोटीच्या तोंडावर एप्रिल ते जून, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या मॉन्सूनमध्ये वरचे आणि खालचे वारे एकमेकांना इतके छेद देतात की वादळाचा खांब उभाच राहत नाही.

बारसं

अटलांटिकमध्ये नावांच्या सहा याद्या आळीपाळीनं फिरतात; १९५३ पासून फक्त बायकांची नावं होती, १९७९ मध्ये पुरुषांचीही आली. ‘कॅटरिना’सारखं नाव फार रडवून गेलं की यादीतून काढून टाकतात. आपल्या समुद्रात हे २००४ च्या ‘ओनिल’पासून सुरू झालं. आठ देशांनी आठ-आठ नावं दिली. भारताची होती अग्नी, आकाश, बिजली, जल, लहर, मेघ, सागर, वायू. ‘अम्फान’बरोबर ती ६४ नावं संपली. २०२० पासून तेरा देशांची १६९ नावांची यादी आहे आणि इथे कोणतंच नाव दुसऱ्यांदा येत नाही. नाव आठ अक्षरांहून लांब नको, कुणाच्या धर्माला-राजकारणाला टोचणारं नको. २०१३ मध्ये ‘महासेन’ नावावरून श्रीलंकेत नाराजी उठली, कारण तो त्यांचा राजा; ते बदलून ‘वियारू’ करावं लागलं. भारताच्या नव्या यादीत प्रभंजन, अंबुद, जलधी असे शब्द रांगेत उभे आहेत.

नव्या यादीतलं पहिलंच नाव, बांगलादेशनं दिलेलं ‘निसर्ग’, ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. मराठीत त्यानं पंचाईतच केली. ‘निसर्गामुळे वाडी गेली’ हे वाक्य कुठलंही वादळ न होताही खरं असू शकतं. पुढच्या वर्षी म्यानमारनं दिलेलं ‘तौते’ आलं, अर्थ मोठ्या आवाजाची पाल. मराठी छापखान्यांनी त्याचं तौक्ते, तौत्के, तोक्ते असं सगळं केलं. नोव्हेंबर २००९ चं फयान मात्र बोलीत पक्कं बसलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी मच्छीमार त्यात गेले. तिथे आजही ‘फयानाच्या आधी’ आणि ‘फयानानंतर’ असा काळ मोजला जातो.

पाणी चढणं

८ नोव्हेंबर २०१३ ला फिलिपिन्सच्या ताक्लोबान शहरावर आलेल्या वादळालाही दोन नावं होती. आंतरराष्ट्रीय यादीतलं ‘हैयान’ आणि देशाच्या स्वतःच्या यादीतलं ‘योलांडा’. लोकांना दोन्ही माहीत होती. वाऱ्याची कल्पना होती, वादळं त्यांच्या पाचवीला पुजलेली. इशाऱ्यात ‘स्टॉर्म सर्ज’ हा इंग्रजी शब्द होता, तोच अनेकांना कळला नाही. वाचलेल्यांतले कितीतरी जण नंतर म्हणाले, त्सुनामी येतेय म्हटलं असतं तर आम्ही डोंगर गाठला असता. सहा हजारांहून जास्त माणसं गेली, बरीचशी वाऱ्यानं नाही, पाण्यानं.

मराठीत या पाण्याला अजून एकच एक शब्द ठरलेला नाही. पत्रकांत कधी ‘वादळी लाटा’ येतं, कधी नुसतं ‘उंच लाटा’. किनाऱ्यावर ‘उधाण’ म्हणतात. पण उधाण अमावास्या-पौर्णिमेला येतं, त्याची वेळ कोळ्यांना तोंडपाठ असते आणि होडी किती वर ओढायची तेही. वाऱ्यानं ढकलून आणलेलं पाणी तिथी बघत नाही. ते भरतीच्या वेळी आलं तर भरतीवर चढतं, आणि ज्या खुणेपर्यंत आजवर पाणी आलं नव्हतं म्हणून तिथे घर बांधलं, ती खूण ओलांडून आत येतं.